तिसऱ्या वळणावर बंद पडणारी गाडी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, चिंचेच्या सावलीत, एक वृद्ध मिस्त्री मोटारसायकली दुरुस्त करीत असत. त्यांचे खरे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. लहानथोर सारे त्यांना वस्ताद म्हणत. गाडी ढकलत आणणारा माणूस घामाघूम होऊन पोहोचला की वस्ताद आधी त्याला पाणी देत, मग गाडीकडे पाहत.

त्यांच्याजवळ निवास नावाचा शिष्य होता. तिशीला टेकलेला, हाताने सफाईदार, स्वभावाने मुखदुर्बळ. नऊ वर्षे त्याने त्या चिंचेखाली काढली होती, आणि आता त्याचे मन घाटमाथ्यावरच्या गावात जाऊन बसले होते. तिथे एस.टी. थांब्याशेजारी एक खोली रिकामी होती, आणि आसपास कुठे मिस्त्री नव्हता. स्वतःचे दुकान थाटावे, एवढेच त्याचे स्वप्न. खोलीचा मालक सोमवारच्या बाजारापर्यंत वाट पाहणार होता, पुढे नाही. पण वस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय निवासचा पाय उचलत नव्हता.

त्याने तीनदा विचारून पाहिले होते. पहिल्यांदा वस्ताद म्हणाले, जुन्या इंजिनांचे काम पक्के होऊ दे. ते पक्के झाले. दुसऱ्यांदा म्हणाले, पावसाळा सरू दे. तोही सरला. तिसऱ्यांदा ते काहीच बोलले नाहीत, नुसते कपात चहा ओतत राहिले. आता गुरूच्या मौनाचा अर्थ काय लावावा? भली माणसे तो नेहमी आपल्याच उणेपणाचा लावतात. निवासनेही तेच केले आणि मनातल्या मनात झुरत राहिला.

अशात गुळाचे व्यापारी बाबगोंडा शेट एक जुनी मोटारसायकल घेऊन आले. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ दर सोमवारी हिच्यावरून घाटमाथ्यावरच्या देवाला जायचा. दोन वर्षांपूर्वी तो देवाघरी गेला. शेटनी गाडी लेकरासारखी जपली होती, चाकाच्या तारांवरसुद्धा धूळ बसू दिली नव्हती. यंदा त्यांना स्वतः तिच्यावरून देवाला जायचे होते, पण गाडी घाट चढेना. पायथ्याशी चालू होई, आणि तिसऱ्या वळणावर, जिथे ऐनाचे झाड रस्त्यावर ओणवे झाले आहे, तिथे गपकन बंद पडे. मग किक मारमारून पाय गळून गेले तरी ती हूं की चूं करीत नसे. गावात कुजबुज सुरू झाली की भावाचा जीव अडकला आहे. शेट ते ऐकून घेत आणि घरी येऊन रडत.

वस्तादांनी गाडीवरून एकदा हात फिरवला आणि निवासकडे न पाहताच म्हणाले, "ही माथ्यावर नेऊन दाखव. मग तू मोकळा."

तो दिवस गुरुवार होता. निवासने प्लग काढून घासला. ठिणगी निळीशार पडत होती. कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुतला, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधले अंतर नीट बसवले. शेवटी टाकीचे झाकण उघडून आत डोकावला. टाकी काठोकाठ भरलेली. झाकणाला आतून ट्यूबची एक गोल चकती कापून बसवली होती, आणि शेटच्या काळजीवाहू स्वभावाचे त्याला कौतुकच वाटले. त्याने झाकण घट्ट लावले, किक मारली, गाडी चालू झाली. तिसऱ्या वळणावर ती बंद पडली. उतारावरून तिला तशीच गडगडत खाली आणताना त्याला कोणाला तोंड दाखवू नये असे झाले.

शुक्रवारी त्याने पुन्हा सारे खोलले, पुन्हा टाकीत डोकावला, पुन्हा झाकण लावले. पुन्हा तेच वळण. शनिवारीही तेच. बिचारा खाली इंजिनात शोधत होता आणि दोष त्याच्या तळहाताखालून रोज दोनदा जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. पण हसू नये. आपण सारे असेच शोधतो.

रविवारी दुपारी वस्ताद उठले आणि म्हणाले, चल, मी मागे बसतो. निवास पान्यांची पिशवी घेऊ लागला तर त्यांनी ती परत खुंटीला अडकवली. गाडी घाटाला लागली. पहिले वळण गेले, दुसरे गेले, आणि तिसऱ्यावर इंजिनाने मान टाकली. निवास किक मारायला उठला. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले आणि स्वतः ऐनाखालच्या दगडावर टेकले.

तिथे फार शांत होते. दरीतून धुके हळूहळू वर येत होते. आधी खालची चिंच दिसेनाशी झाली, मग रस्ता, मग आपण कुठून आलो तेही नाहीसे झाल्यासारखे वाटले. कुठेतरी एक पक्षी थांबून थांबून बोलत होता. तीन रात्रींचे जागरण निवासच्या डोळ्यांवर उतरले. अर्धवट झोपेत त्याला वाटले की तो त्या घाटात फार वर्षांपासून बसलेला आहे आणि त्याला कोणी हाक मारणार नाही. मग त्याला एक श्वास ऐकू आला. बारीक, लांब, फार वेळ दम कोंडल्यावर कोणी आत ओढून घ्यावा तसा. तो आपणच घेतला असे समजून त्याने डोळे उघडले.

वस्ताद गाडीजवळ उभे होते, टाकीचे झाकण त्यांच्या हातात होते. त्यांनी ते बंडीच्या खिशात टाकले, खांद्यावरचे पातळ फडके टाकीच्या तोंडाला बांधले आणि किक मारायला खुणावले. पहिल्याच किकला गाडी बोलली. चौथे वळण आले, पाचवे आले, धुके मागे राहिले आणि घाटमाथ्यावरचे उतरते ऊन त्यांच्या अंगावर पडले.

देवळाच्या कट्ट्याशी गाडी थांबवून निवासने विचारले, हे काय झाले. वस्तादांनी झाकण काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"या झाकणाला सुईएवढं भोक असतंय. टाकीतनं एक थेंब खाली जायचा, तर तेवढीच हवा वरनं आत यायला लागती. ती आली न्हाई, तर टाकी भरलेली असून पेट्रोल जागचं हलत न्हाई. तू उघडून बघायचास तवा ती दम घ्यायची, तेवढ्यावर तीन वळणं चढायची. शेटनी पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून चकती बसवली. वाईट मनानं न्हाई. मायेनंच. जपायला म्हणून माणूस झाकण घट्ट करतो आणि मग म्हणतो, ही चालत का न्हाई..."

इथे वस्ताद अडखळले. झाकणाकडे पाहत राहिले. आपलेच वाक्य वळून आपल्याच दाराशी उभे राहावे, तशी त्यांची अवस्था झाली होती. निवासला वाटले ते आपल्या चुकीने खिन्न झाले, म्हणून तो खाली मान घालून म्हणाला की दोष मला सापडला नाही, अट हुकली, मी खाली येतो.

"अट माझीच खोटी हुती," वस्ताद म्हणाले. "तू कच्चा हुतास म्हणून न्हाई ठेवलं तुला. तू गेल्यावर चिंचेखाली मी बोलायचं कुणाशी, म्हणून ठेवलं. चल. ती खोली दाखव."

निवासचे डोळे भरून आले. खोली दोघांनी पाहिली. वस्तादांनी भिंतीवर हात फिरवला, पान्यांची फळी कुठे ठोकायची ते दाखवले, उजेड डावीकडून येतो हे चांगले म्हणाले. मालकाला निवासने होकार कळवला आणि दर बुधवारी खाली येत जाईन, असे वस्तादांना सांगितले. ये, ते म्हणाले, आणि एखादा बुधवार चुकला तरी मनाला लावून घेऊ नकोस.

निघताना त्यांनी बंडीत खोचलेली दाभण काढली. चकती फेकून देतील असे निवासला वाटले होते. पण त्यांनी ती झाकणातच राहू दिली आणि झाकणाच्या भोकाशी जुळेल असे एक छिद्र तिच्यात पाडले. शेटनी मायेने लावलेली वस्तू, ती काढायची कशाला, एवढेच ते म्हणाले. फडके सोडून खांद्यावर टाकले, झाकण लावले आणि गाडी चालू करून एकटेच घाट उतरू लागले.

ज्याला जपायचे त्याच्यावर झाकण जरूर ठेवावे, पण दाभणीएवढी वाट सोडावी, हे निवासला त्या दिवशी कोणी वेगळे सांगावे लागले नाही. तो कठड्याशी उभा राहून धुक्यात उतरत जाणारा आवाज ऐकत होता. ओणव्या ऐनापाशी तो आवाज झाडीत बुडाला. निवासने श्वास रोखून धरला. मग आवाज पुन्हा वर आला, सावकाश, एकसारखा, आणि चिंचेपर्यंत कुठेही थांबला नाही.