वेगळ्या चुलीची माती

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगतात ते ठोकून देतात. आपण नावाच्या भानगडीत पडू नये.

त्या राज्याची राजधानी उंच माळावर वसली होती. तिथून दूर, घाट उतरून गेलं की डोंगरांच्या कुशीत एक मोठं तळं होतं. तळ्याच्या काठची माती काळीभोर, चिकट आणि लोण्यासारखी मऊ होती.

राजधानीत एक रीत होती. एका घरातल्या दोघींचं पटेनासं झालं आणि वेगळी चूल मांडायची वेळ आली, तर ती नवी चूल तळ्याच्याच मातीची हवी. दोघींनी एकाच वाहनातून तळ्यावर जायचं. दोघींनी मिळून मातीचा गोळा काढायचा, ओल्या फडक्यात बांधायचा आणि राजधानीच्या वेशीपर्यंत ओलाच आणायचा. वाटेत मुक्काम पडला, तर पाणी शिंपडायची पाळी एक दिवस एकीची, एक दिवस दुसरीची.

वेशीवर पंच बसलेले असत. ते गोळा बोटानं दाबून बघत. बोट रुतलं, तर खुशाल चूल मांडा. नाही रुतलं, तर तळ्याची मर्जी नाही असं समजायचं आणि मुकाट्यानं जुन्याच चुलीवर भाकऱ्या थापायच्या. वाळलेली माती पुन्हा भिजवायची नाही, हा नियम.

आणखीही एक नियम होता. वेगळी चूल जिनं मागितली, तिनं वाहन निवडायचं नाही. ते दुसरीनं निवडायचं. ही रीत कुणी घातली ते माहीत नाही, पण त्याच्या घरात नक्कीच दोन जावा असणार.

पुढे एक हौशी राजा गादीवर आला. त्यानं घाटातून फरसबंद रस्ता बांधला आणि राजधानी ते तळं असे घोड्यांचे रथ सुरू केले. सकाळी निघालेली माणसं दिवेलागणीला परत येऊ लागली. मग माती वाळेल कशाला? जो तो रथानं जाई आणि ओला गोळा घेऊन येई. गल्लोगल्ली नव्या चुली पेटल्या. राजा गच्चीतून धूर बघे आणि म्हणे, "केवढी सोय केली मी लोकांची!" सोय झाली होती, हे खरंच आहे.

याच राजधानीत दोन जावा एका घरात राहत होत्या. थोरलीचा नवरा वारला होता आणि तिला मूल नव्हतं. धाकटीचं घर भरलेलं होतं, नवरा होता, लेकरं होती. लेकरं थोरलीच्या मांडीवरच वाढली होती. चूल वेगळी झाली तर धाकटीच्या ताटाभोवती सगळी बसणार होती आणि थोरलीला एकटीपुरता भात शिजवून भिंतीकडे बघत जेवावं लागणार होतं. हे दोघींनाही कळत होतं. पण राग आला, की कळतं त्याचा काय उपयोग?

धाकटीचा राग उगाच नव्हता. तिनं काहीही रांधलं, की थोरली पळी घेऊन यायची, घोटभर चाखायची, चेहरा गंभीर करायची आणि वरून मीठ घालायची. रोज. धाकटी गप्प बसायची. पण लेकाच्या बारशाला पंगत बसली असताना थोरलीनं सगळ्यांसमोर आमटी चाखली आणि मूठभर मीठ घातलं. आमटी इतकी खारट झाली, की पाहुणे पाण्यावर पाणी प्यायले. "धाकटीच्या हाताला अंदाज नाही," असं दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत झालं.

"बास झालं," धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली. "मला वेगळी चूल हवी."

"घे की," थोरली म्हणाली. "मला काय कुणाची गरज पडलीय?"

दोघी गाडीतळावर आल्या. गाडीतळ वेशीला लागूनच होता. तिथे तीन तऱ्हांची वाहनं उभी असत.

"बसा बाई, बसा!" रथवाला ओरडला. "ऊन तापायच्या आत तळं दाखवतो!"

"मेणा घ्या, मेणा," भोई म्हणाले. "पोटातलं पाणी हलणार नाही." पण मेण्यात माणूस मावतं एक. तो प्रश्नच नव्हता.

तिसरी होती बैलगाडी. तिचा गाडीवान चाकाला टेकून घोरत होता आणि बैल त्याच्या पागोट्याचा वास घेत होते. रथ आल्यापासून बैलगाडीनं तळ्यावर कुणी जाईनासंच झालं होतं.

निवडायचं थोरलीनं होतं. ती सरळ रथाकडे गेली. तिलाही हे एकदाचं उरकायचं होतं. तिनं पायरीवर पाऊल ठेवलं, आणि तेवढ्यात धाकटी रथवाल्याला म्हणाली, "जरा जोरात हाका हो. संध्याकाळपर्यंत आले, तर लेकरांना आज पहिल्यांदा धड चवीचं जेवायला घालीन."

थोरलीनं पाऊल मागे घेतलं.

"बैलगाडी," ती म्हणाली.

"अहो जाऊबाई, चार-चार मुक्काम पडतील! हाडं खिळखिळी होतील!"

"होऊ देत. निवडायचं मी आहे ना?"

आता तुम्हाला वाटेल, थोरली मोठी शहाणी, तिनं विचार करून बैलगाडी निवडली. मुळीच नाही. तिनं निव्वळ खुन्नस म्हणून निवडली. धाकटीला धक्के बसावेत, धूळ खावी लागावी, एवढाच तिचा हेतू होता. तेच धक्के आपल्यालाही बसणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

गाडी निघाली. पहिला सगळा दिवस दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. गाडीवान फक्त बैलांशी बोलत होता. धाकटी डावीकडचे डोंगर बघत होती, थोरली उजवीकडचे. गाडी खड्ड्यात गेली, की दोघींची डोकी एकमेकींवर आपटत आणि दोघी एकदमच "आई गं!" म्हणत, आणि पुन्हा तोंडं फिरवत.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. जड गाडी उतारावर बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागून दोर बांधून ओढून धरावी लागते. गाडीवान पुढे बैलांपाशी, म्हणजे दोर धरायला उरल्या या दोघी. दोर एकच होता. एकीनं सैल सोडला, की दुसरी फरफटत जाई.

"धरा ना नीट!" धाकटी ओरडली.

"तू टाच रोव आधी!" थोरली ओरडली.

घाट उतरेपर्यंत दोघींचे तळहात सोलवटले होते. खाली आल्यावर धाकटीनं पदराची चिंधी फाडली, आधी स्वतःच्या हाताला बांधली, मग जरा थांबून उरलेली थोरलीपुढे धरली. थोरलीनं घेतली.

त्या संध्याकाळी ओढ्याकाठी मुक्काम पडला. धाकटीनं तीन दगडांची चूल केली, पिठलं टाकलं, भाकऱ्या भाजल्या. मिठाची पुरचुंडी शोधायला गाठोडं उपसलं, तर पुरचुंडी नाही. आदल्या मुक्कामावर राहिली होती. गाडीवानानं तर आपली भाकरी कांद्याशी खाऊन कधीच ताणून दिली होती. धाकटीनं कपाळाला हात लावला. आता जाऊबाई काय काय ऐकवतील, याची तयारी करून तिनं तसंच अळणी पिठलं वाढलं.

थोरलीनं घास घेतला. सवयीप्रमाणे चेहरा गंभीर केला.

"मीठ जरा जास्तच झालंय," ती म्हणाली.

धाकटीचा हात हवेतच राहिला. तिनं आपल्या भाकरीवरचं पिठलं चाखून बघितलं. कणभरसुद्धा मीठ नव्हतं.

"जाऊबाई," ती हळू म्हणाली, "पिठल्यात मीठच नाहीये."

थोरलीनं हातातला घास ताटात परत ठेवला. ओढा वाहत होता, बैल रवंथ करत होते.

"जिभेला काही कळत नाही गं मला," अखेर ती म्हणाली. "हे गेले त्या साली मोठा ताप आला होता. त्यात चव गेली ती गेलीच. गूळ काय आणि राख काय, सारखंच."

"मग रोज चाखून मीठ कशाला घालत होता?"

"घरात मोठी आहे ना मी? मला नवरा नाही, लेकरू नाही. स्वयंपाक तू करतेस, घर तू बघतेस. सकाळी उठून चार माणसांत मी करायचं तरी काय? चव बघायची, एवढंच काम माझं उरलं होतं. तेही खोटंच."

धाकटीला रडू आलं आणि आपल्याला रडू येतंय याचा रागही आला. दोघींनी ते अळणी पिठलं शेवटपर्यंत खाल्लं. झोपताना धाकटीनं आपली घोंगडी जरा थोरलीच्या बाजूला ओढली.

मग दोघी तिथूनच परत फिरल्या असतील, नाही? नाही फिरल्या. सगळ्यांदेखत मागितलेलं मागे घ्यायला मोठं मन लागतं, आणि सगळ्यांदेखत "घे की" म्हटलेलं फिरवायलाही तेवढंच लागतं. दोघींच्या मनात तोच विचार होता, तोंडातून निघत मात्र नव्हता. त्या तळ्यावर गेल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दोघींनी चार हातांनी मातीचा गोळा काढला, ओल्या फडक्यात बांधला आणि गाडीत ठेवला.

परतीच्या पहिल्या दिवशी पाळी थोरलीची होती. "माझ्यामुळे वाळली असं व्हायला नको," असं पुटपुटत तिनं गोळ्यावर पाणी ओतलं. मान अजून ताठ होती तिची.

दुसऱ्या दिवशी पाळी धाकटीची. ऊन भाजत होतं. तिनं तांब्या हातात घेतला, गोळ्याकडे बघितलं. मग तांब्या तोंडाला लावला, घटाघटा अर्धा प्यायली आणि उरलेला थोरलीपुढे धरला.

"प्या जाऊबाई. घसा सुकला असेल."

थोरलीनं तांब्याकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतरच्या दिवशी पाळी पुन्हा थोरलीची. माथ्यावर सूर्य आग ओकत होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

"आज ऊन काही फारसं नाही, नाही का गं?" थोरली म्हणाली. "पाणी कशाला वाया घालवा?"

"छे हो! गारवाच आहे," धाकटी कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. आणि तिनं गोळ्यावरचं फडकं सारून ठेवलं, वारा लागावा म्हणून.

गाडी वेशीवर पोचली. पंचांनी गोळा हातात घेतला आणि बोटानं दाबला. बोट रुतलं नाही. नखानं ओरखडा काढून बघितला, तोही उमटला नाही.

"वाळली," पंच कडक आवाजात म्हणाले. "पाणी कुणाच्या पाळीला चुकलं?"

"माझ्या," दोघी एकदम म्हणाल्या.

पंचांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. मग ते वेशीबाहेर गेले. तिथे गवतानं झाकलेला एक मोठा उंचवटा होता. रोज येणाऱ्याजाणाऱ्यांना ती टेकडीच वाटे. पण रथ सुरू व्हायच्या आधी, बैलगाड्यांच्या काळात, परत आलेले वाळके गोळे टाकून टाकून तो उंचवटा झाला होता. कितीतरी वर्षांनी पंचांनी त्यात एका गोळ्याची भर घातली.

त्या दिवसापासून धाकटी आमटीत मीठ मुद्दाम जरा कमी घाले, आणि राहिलेली चिमूट थोरलीच्या तळहातावर ठेवून म्हणे, "जाऊबाई, बघा बरं चव." थोरली घोटभर चाखे, चेहरा गंभीर करी आणि ती चिमूट आमटीत टाकी. आमटी अगदी बरोबर होई.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, सांगायचं ते एवढंच: तोडायला निघालेल्या माणसानं सावकाश जाणारं वाहन निवडावं, म्हणजे मन बदलायला वाट पुरते.