धामणीला पडवीत जागा

ऐका रे बाळांनो. गोष्ट परीची आहे, चमचमती आहे, पण सांगताना मला दर वेळी राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

समुद्राजवळच्या केवडवाडीत गोजरा नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर राहायची. बाप नव्हता. एक खोपटं, हातभर शेत आणि पडवीत बियाण्याच्या भाताची एक कणगी, म्हणजे बांबूची मोठी टोपली. ते बियाणं संपलं तर पेरायला दाणा नाही, मग मायलेकींना गाव सोडावं लागणार. म्हणून कितीही भूक लागली तरी आई कणगीला हात लावायची नाही. गोजरा गावाची गुरं चारायची.

एकदा तात्या खोतांची गाय आटली. तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी मिशीवरून हात फिरवून सांगून टाकलं, "धामण गोठ्यात शिरते, गाईच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिऊन जाते." झालं, सगळ्या गावानं माना डोलावल्या. अहो, सापाला दूध ओढताच येत नाही, पण विचारतो कोण? गाय गाभण होती म्हणून आटली होती. हे आठ वर्षांच्या गोजराला कळत होतं आणि तिनं तसं सांगितलंही. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," तात्यांनी तिला गप्प केलं आणि दवंडी पिटली, धामण मारील त्याला एक नारळ. विष नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, अशा गरीब धामणी गावानं बांधाबांधावर ठेचल्या. एका नारळासाठी!

मग उंदरांचं फावलं. त्यांना खाणारं कुणी उरलंच नाही. बांधात दोन बिळं होती त्यांची वीस झाली, विसाची दोनशे. भाताच्या सोनेरी लोंब्या त्यांनी कुरतडल्या. चिमण्यांना दाणा उरेना. घरट्यातली पिटुकली अंडीसुद्धा उंदरांनी फस्त केली, तेव्हा चिमण्या गाव सोडून गेल्या. आणि गाव काय म्हणालं? कलियुग आलं म्हणे. करायचं आपण आणि नाव कलियुगाचं.

एका सकाळी गोजराला केवड्याच्या बनात काठीनं जखमी झालेली एक धामण दिसली. गोजरानं करवंटीतून तिला पाणी पाजलं, उन्हात तिच्यावर पानांची सावली धरली. पण धामण वाचली नाही. गोजरानं तिला हिरव्या पानांनी झाकलं आणि ती हमसून हमसून रडली. तेवढ्यात केवड्याचं एक पिवळंधमक कणीस उमललं आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख मोतिया रंगाचे होते आणि ती हलली की सुगंधाचे चिमुकले कण झगमगायचे.

"गोजरा, मी तुझ्या दोन मागण्या पुरवीन," परी हळूच म्हणाली. "पण नियम ऐक. मागशील ते तुझ्याच घरी ठेवायचं. आणि एकदा दिलेलं मी परत घेत नाही."

गोजरानं विचार केला, उंदरांची पोटं भरली तर ते आपल्या कणगीकडे कशाला येतील? "उंदरांना पोटभर धान्य दे," ती म्हणाली.

अंगणात पिवळ्याजर्द दाण्यांचा डोंगर उभा राहिला. उंदीर आले, खाऊन गुबगुबीत झाले आणि त्यांना पिल्लं झाली. पिल्लांना पिल्लं झाली. जेवढं अन्न, तेवढी तोंडं वाढली. मग डोंगर संपला आणि तोंडं तेवढीच राहिली. भुकेले उंदीर एकमेकांना ओरबाडू लागले, पडवीत घुसले आणि कणगीचा तळ पोखरू लागले. आई दिवसभर सूप आपटत कणगीपाशी बसून राहिली. निम्मं बियाणं तरीही गेलं.

गोजरा धावत बनात गेली. "परीताई, माझं चुकलं. उंदरांना खायला कमी नव्हतं. त्यांना खाणारी कमी झाली होती. मला धामणी दे."

"त्या तुझ्या घरात राहतील, बाळ. लोक काठ्या घेऊन येतील."

"येऊ देत," गोजरा म्हणाली.

दोन लखलखत्या धामणी सळसळत तिच्या पडवीतल्या लाकडांमागे शिरल्या. दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. तात्या पुढे आणि काठ्यांसह गाव मागे. गोजरा दारात आडवी उभी राहिली.

"तात्या, परवा तुमची गाय व्याली. खरवस तुम्ही घरोघर वाटलात, सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. मग आता सांगा, गाय का आटली होती? पोटात वासरू होतं म्हणून. मी सांगितलं तेव्हा मला गप्प बसवलंत. इतक्या धामणी मारल्यात, आता आमचं बियाणं उंदीर खातायत. ते कोण भरून देणार?"

आई येऊन लेकीशेजारी उभी राहिली. एकेक काठी खाली आली. तात्यांची सगळ्यात शेवटी.

धामणींना पिल्लं झाली, ती बांधांवर पसरली. उंदीर कमी झाले. संपले नाहीत हं, संपायला नकोतच, नाहीतर धामणी काय खातील? लोंब्या टिकल्या, तेव्हा चिमण्याही परतल्या. पेरणीच्या दिवशी परी पडवीत आली आणि तिनं कणगीवर हात फिरवला. निम्मी उरलेली कणगी काठोकाठ भरली. "हे तू मागितलं नव्हतंस, म्हणून देते," ती हसून म्हणाली. मग केवड्याच्या रंगाचा लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी तात्या दाराशी घुटमळत आले. त्यांच्या कोठारात अजून उंदीर होते.

"गोजराबाय, तुझ्या धामणीचं एखादं पिल्लू आमच्याकडे येईल का गं?"

"येईल की, तात्या," गोजरा म्हणाली. "पण दाराआडची काठी आधी चुलीत घाला."