गोड चालीतली कडू ओळ

एका नदीकाठच्या राज्यात एक मोठा गायक राहत होता. गाणी तोच रचायचा, चालीही तोच लावायचा. त्याची चाल एकदा कानावर पडली की दिवसभर ओठांवरून हटायची नाही. जात्यावर, मोटेवर, बाजारात, सगळीकडे त्याचीच गाणी.

पण या गुणी माणसाच्या मनात एक अढी होती. नदीच्या पैलतीरावर दोर वळणाऱ्या लोकांची वस्ती होती. त्यांचे पूर्वज दूर देशाहून आलेले. तरुणपणी त्यांच्यातल्या एका गवयाने भर जत्रेत याला हरवलं होतं. तो गवई केव्हाच वारला, पण याचा राग काही निवला नाही. आपल्या सर्वांत गोड गाण्यात त्याने एक ओळ घातली:

'पैलतीरी वसले चोर, देशाच्या जिवाला घोर.'

राजवाड्यातल्या दायांनी युवराजाला याच गाण्यावर निजवलं. युवराज मोठा झाला, गादीवर बसला आणि त्याने पहिलाच हुकूम सोडला, "पैलतीर रिकामा करा!"

म्हातारा प्रधान चाचरत म्हणाला, "महाराज, त्यांचा गुन्हा काय?"

"गुन्हा काय शोधायचा? सारं राज्य माझ्या लहानपणापासून तेच गातंय."

गायकाला हे कळलं तेव्हा आधी त्याची छाती फुगली. आपलं गाणं म्हणजे राजाचा हुकूम! तो मुद्दाम नदी ओलांडून पैलतीरावर बघायला गेला. तिथे शिपाई तेच गाणं म्हणत घराघरातून माणसं बाहेर काढत होते. घाटावर एक म्हातारी आपल्या बोचक्यावर बसली होती.

"आजी," त्याने विचारलं, "या गाण्याचा राग येत नाही तुम्हाला?"

"शब्दांचा येतो की. पण चाल फार गोड आहे रे बाबा. माझी सून त्याच चालीवर लेकराला निजवते. शब्द गाळते, नुसती गुणगुणते."

गायक तिथूनच माघारी वळला. तो तडक दरबारात गेला.

"महाराज, हुकूम मागे घ्या. ती ओळ खोटी आहे. मी हरलो होतो, त्या रागात लिहिली."

राजा हसला. "सूर इतका खरा, मग शब्द खोटा कसा असेल?"

गायक मान खाली घालून म्हणाला, "एक नवं गाणं ऐकवू?"

राजाने मान डोलावली. गायकाने तीच चाल धरली आणि जीव ओतून गायला. दरबारी डोलू लागले. राजाचा हात गुडघ्यावर ताल देऊ लागला. गायक समेवर आला:

'सिंहासनी बसला चोर, देशाच्या जिवाला घोर.'

दोन-तीन सरदारांनी तर सवयीने "वाहवा!" म्हटलं, आणि मग सगळ्यांचेच चेहरे पांढरे पडले. राजा तलवार उपसून उभा राहिला.

गायक जागचा हलला नाही. "माझी मान आपल्या हातात आहे, महाराज. एवढंच सांगा, सूर तोच होता, तुम्ही तालही धरला होता. म्हणून तुम्ही चोर ठरलात का?"

राजाने आपल्या ताल देणाऱ्या हाताकडे पाहिलं. मग त्याने तलवार म्यान केली आणि प्रधानाला म्हणाला, "स्वार पाठवा. दौडत पाठवा!"

स्वार घाटावर पोहोचला तेव्हा हाकललेल्या माणसांनी भरलेली पहिली नाव नुकतीच सुटत होती. "थांबा! हुकूम फिरला!" तो ओरडला. नावाड्याने नाव वळवली. बायका रडता रडता हसू लागल्या, आणि दुपारपर्यंत पैलतीरावर पुन्हा चुली पेटल्या.

गायकाचं काम मात्र सोपं नव्हतं. ती ओळ हजारो तोंडी बसली होती. उरलेलं आयुष्य तो बाजारोबाजारी फिरला. कुणी ती ओळ गायली की तो हात जोडून म्हणायचा, "ती माझी चूक आहे, ती गाऊ नका." काही ऐकायचे, काही हसायचे. तो पुढच्या गावाला निघायचा. पण त्याला आता शांत झोप लागत होती.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: चाल गोड लागली म्हणून तिच्यावर बसून आलेली गोष्ट खरी मानू नये, आणि ज्याच्या गळ्याला लोकांची मनं वळवता येतात, त्याने आधी स्वतःच्या मनातली अढी काढावी.