सोंडुली आणि निशिगंधाचा कंद

एक होती बाग. बागेत होतं बीळ. बिळात राहायची एक चिचुंद्री. ती चिचुंद्री म्हणजे मीच.

माझं नाव सोंडुली. नाक हे एवढं लांब. डोळे तिळाएवढे. दिसतं थोडं, बोलते फार. आणि अंगाला वास. असा वास, की मी आले की सगळे नाक धरतात. बेडूक नाक धरतो. खार नाक धरते. माझ्या घरी कुणी म्हणजे कुणी येत नाही. मला फार वाईट वाटतं.

होळी झाली. सगुणाबाई माळीण बागेत आली. तिच्या टोपलीत होते निशिगंधाचे कंद. सगुणाबाई आम्हा सगळ्यांना म्हणाली, "एकेक कंद घ्या. घट्ट बघून घ्या. मऊ घेऊ नका."

मी ठरवलं, निशिगंध लावायचा दारात. सुगंध येईल घरात. मग सगळे येतील माझ्याकडे.

मी गेले लुटुलुटु. एक कंद निवडला. तो निघाला लसूण. दुसरा निवडला. चांगला घट्ट होता. तो निघाला सगुणाबाईच्या पायाचा अंगठा. तिसरा निवडला. तो मात्र कंद होता. सगळे हसले. मीपण हसले. काय करणार, अंगठा खरंच घट्ट होता.

मी खड्डा खणला खरखर खरखर. कंद ठेवला काठावर. खड्डा किती छान झालाय, ते बघायला वळले. माझीच शेपटी लागली कंदाला. कंद चालला गडगड गडगड. गेला एका मोठ्या ढेकळाच्या फटीत. माझं नाक लांब, पण तेही पोचेना. आता कंद तिथेच सुकून जाणार. मग फूल कुठलं आणि पाहुणे कुठले.

मी ढेकळाला म्हटलं,
"ढेकळा ढेकळा, फूट ना.
कंद माझा दे ना."

ढेकूळ म्हणालं, "मी वाळलेलं. मी नाही फुटत. आधी झारीला सांग."

मी गेले झारीकडे. लुटुलुटु, चूं चूं.

"झारी झारी, वाक ना.
ढेकूळ फुटत नाही,
कंद मिळत नाही."

झारी म्हणाली, "मी भरलेली. मी नाही वाकत. आधी सगुणाबाईला सांग."

मी गेले सगुणाबाईकडे. लुटुलुटु, चूं चूं. तिने पदर लावला नाकाला. मी थोडी लांब उभी राहिले.

"सगुणाबाई सगुणाबाई, ऊठ ना.
झारी वाकत नाही,
ढेकूळ फुटत नाही,
कंद मिळत नाही."

सगुणाबाई म्हणाली, "माझा चहा व्हायचाय बाई. मी नाही उठत. आधी गवती चहाला सांग, म्हणावं एक पात दे."

मी गेले गवती चहाकडे. लुटुलुटु, चूं चूं. वाटेत कुंडीला धडकले. कुंडीला 'माफ करा काकू' म्हटलं. मग कळलं, ती कुंडी होती.

"गवती चहा, गवती चहा, पात दे ना.
सगुणाबाई उठत नाही,
झारी वाकत नाही,
ढेकूळ फुटत नाही,
कंद मिळत नाही."

गवती चहा म्हणाला, "माझ्या पातीवर सरडा झोपलाय. मी नाही हलत. आधी सरड्याला उठव."

मी गेले सरड्याकडे. लांब नव्हता, पातीवरच होता. तरी मी चुकून एक वळसा घातला. लुटुलुटु, चूं चूं.

"सरडेदादा सरडेदादा, उठा ना.
गवती चहा हलत नाही,
सगुणाबाई उठत नाही,
झारी वाकत नाही,
ढेकूळ फुटत नाही,
कंद मिळत नाही."

सरड्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "मी झोपलेलो. मी नाही उठत." आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता कुणाला सांगू? पुढे कुणीच नव्हतं. मी तिथेच बसले. रडले मुसुमुसु. रडले की मला घाम येतो. घाम आला की वास वाढतो. वास वाढला वाढला, पातीवर चढला. गेला थेट सरड्याच्या नाकात.

फट्‌शिंक!

सरडा उठला. पळाला सुळ्ळकन.
गवती चहा हलला. पात दिली सळसळ.
पात पडली चहात. चहा उकळला रटरट.
सगुणाबाई चहा प्यायली. उठली लगबग.
तिने झारी उचलली. झारी वाकली. पाणी पडलं झुळुझुळु.
ढेकूळ भिजलं. ढेकूळ फुटलं भस्सकन.
आणि कंद मिळाला.

मी कंद खड्ड्यात ठेवला. टोक खाली, मुळं वर. सगुणाबाईने बघितलं. कंद उलटा करून दिला. टोक वर, मुळं खाली. वरून माती लोटली.

दुसऱ्या दिवशी मी माती उकरली. उगवला का? नाही. तिसऱ्या दिवशी उकरली. उगवला का? नाही. चौथ्या दिवशी सगुणाबाईने मला पकडलं. म्हणाली, "सारखं उकरलंस तर तो उगवेल कधी?" मग मी उकरणं सोडलं. फार अवघड गेलं.

दिवस गेले. हिरवी पात आली. मग दांडा आला. दांड्यावर कळ्या आल्या. एका संध्याकाळी कळ्या उमलल्या. मला नीट दिसल्या नाहीत. पण नाक लांब होतं ना. अहाहा, काय तो सुगंध.

बेडूक आला डुबुक डुबुक. खार आली सरसर. सगुणाबाई आली. सरडाही आला. सगळे माझ्या दाराशी बसले.

मी कोपऱ्यात जाऊन बसले. लांब. सवयच होती मला.

सगुणाबाई म्हणाली, "अगं सोंडुले, घर तुझं, फूल तुझं. लांब का बसलीस? ये, जवळ ये."

मी गेले. लुटुलुटु, चूं चूं. अगदी मधोमध बसले. कुणी म्हणजे कुणी नाक धरलं नाही.

सरड्याने धरलं जरासं. पण लगेच सोडलं.