उठणारा पूल आणि न थांबणारी स्वारी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा, म्हणून कान किटवलेत. घसा बसलाय माझा. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

एका राज्यात केतकावती राणी होती. जादूगाराच्या शापाने तिचा लेक भानुदत्त पायापासून दगड होत चालला. नाव सोडून भुईला टेकला तर जागीच मरेल, असाही शाप. उतारा एकच : नदी जिथून निघते तो डोंगरातला झरा, त्याचं पाणी तिथंच जाऊन प्यायचं. नाव निघाली ती राजधानीच्या पुलाशी अडली. पूल पाण्याला टेकलेला. मोडावा, तर धान्याच्या गाड्या त्यावरूनच येत; शहर उपाशी मरेल.

दगड गुडघ्याशी आला. राणी काठावर बसली. खांबावरचा खंड्या बोलला, "मोडू नको. उठव."

"पूल उठतो होय रे?"

"दार उघडतं तसा. एका टोकाला बिजागरी घाल. तिच्यामागे उरलेल्या पुलाच्या शेपटाला भार टांग. मग वाट मोकळी कर. तिसरं काम अवघड."

लोहारांनी बिजागरी ठोकली. भाराला राणीने शापित हंडे आणवले. ते ज्या घरात जात ते घर भुईत ओढत. उघड्यावर मुकाट असत, नुसते जड. एकेक हंडा टांगत गेली. पूल नि हंडे तुल्यबळ झाले, तशी तिने एका हाताने दोर ओढला. पूल हलला!

तेवढ्यात राजाची स्वारी पुलावर आली. हत्ती, घोडे, पालख्या, शेवट दिसेना. स्वारी वाटेत थांबत नाही, ही बापजाद्यांची रीत. राणी हत्तीपुढे उभी राहिली.

"बाजूला हो, राणी. आधी आमची स्वारी, मग नाव."

"स्वारी सरायला दिवस मावळेल, महाराज. दगड आपल्या लेकाच्या छातीशी आलाय."

भालदार पुटपुटला, "सरकार, रीत..."

"रीत गेली खड्ड्यात! हत्ती मागे घे!" राजा ओरडला.

हत्ती मागे सरला. पूल उठला, नाव गेली. पूल बसला, गाड्या गेल्या. भानुदत्त झरा प्याला, तळव्यापर्यंत मऊ झाला, नि आपल्या पायांनी घरी आला.

तेव्हापासून पूल उठवायचं शिंग वाजलं की राजा थांबतो. पूल बसला की नावा थांबतात. राजा कुरकुरतो, पण थांबतो.

पूल कुठं उठतो का, म्हणून भर बाजारात मला थापाड्या म्हणाला, त्या महिपती तांबटाने माफी मागायची अजून राहिलीय.