धोंड्याचं आधीचं नाव

“मग डोंगराला त्याचं खरं नाव परत का देऊ नये, बाबा?”

रामगीर बाबा मठाच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

विचारणारा केरबा वाजे. लहानपणी चार वर्षं ह्याच खिंडीतल्या मठात राहून शिकला, आता तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. गेल्या वर्षी त्याला एका पडक्या देवळात ताम्रपट सापडला. त्यात समोरच्या डोंगराचं आठशे वर्षांपूर्वीचं नाव होतं. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. मला ही गोष्ट सांगणाऱ्यानेही ते सांगितलं नाही, आणि मीही फार हट्ट धरला नाही.

“उद्या पायथ्याला पाटी लागतेय,” केरबा म्हणाला. “शाळेची तीनशे पोरं एका आवाजात ते नाव घेणार आहेत. पण गावकरी अडून बसलेत. आधी बाबांना विचारा म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“धोंड्या काय वाईट हाय?”

“हे काय डोंगराचं नाव झालं? कुणा अडाण्यानं ठेवलेलं.”

“अडाण्यानं न्हाई. भ्यालेल्यानं.”

केरबा हसला. ह्या खिंडीत गुराखीसुद्धा एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, शीळ घालतात. त्यालाही तो असाच हसायचा.

“तुझं केरबा कुणी ठेवलं?” बाबांनी विचारलं.

हसू जागच्या जागी विरलं.

केरबाच्या आधीची दोन भावंडं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. हा झाला तेव्हा आईनं त्याला केरावर ठेवलं, शेजारणीनं सुपात उचलून आणलं आणि नाव ठेवलं केरबा. असल्या नावाच्या पोराला न्यायला कोण येणार? दुसरं नाव आईनं पाळण्यात कानाशी पुटपुटलं, आणि पुढे मरताना एकदा. केरबाच्या बायकोलाही ते ठाऊक नव्हतं.

“ती आईची भीती होती, बाबा. भीतीपोटी इतिहास झाकून ठेवायचा नसतो.”

“बरं...”

बाबा उठले. खिंडीच्या टोकाशी जाऊन त्यांनी समोरच्या काळ्या कड्याकडे बोट केलं.

“हाक मार. आधी धोंड्या म्हणून.”

टळटळीत दुपार होती. खालच्या उतारावर कुणाची तरी शेरडं चरत होती, त्यांच्या घंटा किणकिणत होत्या. केरबानं तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली.

“धोंड्याऽऽ!”

कड्यावरून आवाज परत आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला, अगदी बारीक होऊन.

“आता ताम्रपटातलं.”

केरबानं छाती भरून ते नाव पुकारलं.

काहीच परत आलं नाही.

कडा तोच, माणूस तोच, आवाज तर आधीपेक्षा मोठा. केरबानं वाट पाहिली. घंटाही थांबल्या होत्या. सगळी शेरडं मान वर करून कड्याकडे बघत होती, तोंडातला पाला तोंडातच. खरं सांगतो, ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भीती त्या शेरडांची वाटते.

“हवेमुळे होतं असं,” केरबा म्हणाला. “दुपारच्या हवेत आवाज—”

“गप.”

मग हाक आली.

मोठी नव्हती. जेवायला बोलावताना घरचं माणूस मारतं तशी. पण ती केरबा म्हणून नव्हती. पाळण्यातल्या नावानं होती.

केरबा घाबरला, आणि हेही सांगायला हवं की त्याला फार बरं वाटलं. उभ्या जन्मात त्या नावानं त्याला कुणी मोठ्यानं बोलावलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. तो दरीच्या कडेकडे एक पाऊल सरकला. ओ द्यायला तोंड उघडलं...

बाबांनी मागून त्याला कवेत धरलं आणि तोंडावर हात दाबला.

दुसरी हाक आली.

केरबा धडपडला. म्हातारा हलला नाही.

तिसरी हाक आली. ह्या वेळी जरा नाराज, मुलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं की आई होते तशी.

हात तसाच होता...

किती वेळ गेला कोण जाणे. खाली एक घंटा वाजली, मग दुसरी. शेरडं पुन्हा चरू लागली. तेव्हा कुठे बाबांनी हात काढला.

केरबा कड्यापासून मागे सरकून बसला.

“बाबा, उद्या... उद्या ती तीनशे पोरं...”

बाबा आपला तळवा उन्हात धरून बघत होते. त्यावर केरबाचे दात उमटले होते.

“मला हात दोनच हाईत, केरबा.”