लवकरच येत आहे!

सोलापूरच्या त्या मॉलचा दुसरा मजला ओस पडला होता. एकेक दुकान उठून गेलं, तसा मालक भागवतशेठनी प्रत्येक बंद शटरवर एका हसऱ्या बाईच्या फोटोचा बोर्ड टांगला. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लवकरच येत आहे!' चालू राहिलं ते फक्त कुमुदिनी बिराजदारांचं, कपडे अल्टर करून देण्याचं दुकान. दुपारी एकटीनं डबा उघडताना कुमुदिनीबाई समोरच्या फोटोला "या जेवायला" म्हणायच्या.

एक दिवस शेठ स्वतः वर आले. "बाई, पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट. एवढे मोठमोठे ब्रँड येतायत शेजारी. बोर्ड वाचता येत नाहीत का?"

"येतात की! तीन दिवाळ्या तेच वाचतेय."

"मग वाढीव भाडं कधी देताय?"

बाई उठल्या. समोरच्या शटरवरचा बोर्ड काढून आणला आणि शेठच्या देखत आपल्या गल्ल्याला टेकवून ठेवला.

'लवकरच येत आहे!'

शेठ जिना उतरून गेले. भाडं आहे तेवढंच राहिलं.

संध्याकाळी बाईंनी बोर्ड पुसून परत समोर टांगला. उद्या डबा उघडल्यावर "या जेवायला" म्हणायला कोणीतरी हवंच होतं.